नमनाचं तेल

नेवाशाला ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. तिच्या नवव्या अध्यायाच्या तोंडाशी ते थांबतात आणि समोर बसलेल्या मंडळींकडे एकच गोष्ट मागतात: अवधान. एवढं एक द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल, असं ते प्रतिज्ञेवर सांगतात. लगेच पुढे, हे मी मोठेपणाने बोलत नाही, तुम्हा जाणत्यांच्या सभेत ही माझी सलगीची विनवणी आहे, असंही म्हणतात. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तो भाविक म्हणून नव्हे, मास्तरीण म्हणून. अठरांपैकी आठ अध्याय झालेले आहेत. श्रोते मुरलेले, वक्ता तर ज्ञानदेवांसारखा. तरीही नव्या अध्यायाला लक्ष नव्याने मागावं लागतं, आणि ते मागताना आपला अधिकार बाजूला ठेवावा लागतो. काल मिळालेलं अवधान आज शिल्लक असेल असं ते धरून चालत नाहीत.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका दुष्काळी तालुक्याच्या कॉलेजात तीसेक वर्षं इतिहास शिकवला. तासाची पहिली दहा मिनिटं कशी जातात यावर उरलेला तास ठरतो, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. पण आपल्या मुलखात या दहा मिनिटांची एक जुनी, घोटून तयार झालेली विद्या होती आणि आपल्या कॉलेजांनी ती कधी घेतलीच नाही, हे मला फार उशिरा, कागदपत्रं चाळता चाळता दिसलं. त्या विद्येविषयी हे लिहिते आहे.

माझं माहेर वाईचं. वाईत हिवाळा लागला की कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो आणि एकेका घाटाचा मान करत पुढे सरकतो. मांडव पडतो, प्रसाद होतो, संध्याकाळी कीर्तन. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कीर्तनाला पेटीची साथ करायचे. मला ते शेजारी बसवून घेत. त्यामुळे मी लहानपणी कीर्तन ऐकलं ते उलट्या बाजूने. इतर मुलांना बुवा समोरून दिसायचे, मला बुवांची पाठ आणि त्यांच्यापलीकडचे सगळे चेहरे दिसायचे. कोण जांभई देतंय, कुणाचं मूल चुळबूळ करतंय, कोण मागच्या खांबाला टेकून नुसता बसलाय आणि तो कधी सरळ होतो, हे सगळं तिथून स्वच्छ कळे.

नारदीय कीर्तनाची मांडणी ठरलेली असते. आधी नमन, मग मूळ पद आणि त्यावरचं निरूपण म्हणजे पूर्वरंग, मध्ये नामजप, मग आख्यान म्हणजे उत्तररंग, शेवटी आरती. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. घाटावर ते असं घडायचं: बुवा आधी गादीला वाकून नमस्कार करत. ज्या जागी कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी. तिच्यावर उभा आहे तोवर वीस वर्षांच्या पोरालाही ऐंशी वर्षांचे आजोबा वाकून नमस्कार करतात. मग बुवा आबांकडे बघून हळूच म्हणत, ‘काळी एक.’ पेटीचा सूर भरला, तबला लागला, की संस्कृत श्लोक. तो फारसा कुणाला कळत नसे आणि कळायची गरजही नसे, कारण तेवढ्या वेळात लोक आपापल्या चपला, पिशव्या, पोरं यांची व्यवस्था लावत असत. उशिरा येणारे वाट काढत पुढे सरकत. श्लोक संपला की नामघोष. बुवा एक ओळ टाकत, लोक उचलत. पुन्हा टाकत, लोक पुन्हा उचलत, लय थोडी वाढे.

आबांनी मला इथे काय बघायचं ते दाखवलं होतं. दुसऱ्या आवर्तनाला अगदी मागच्या रांगेतून टाळी आली तर बुवा पुढे जाणार. नाही आली तर तिसरं आवर्तन, लय जरा उतरवून, म्हणजे टाळी धरायला सोपी जावी. एक बुवा तर मागच्या रांगेकडे बघून नुसता हात उंच करायचे, बाकी काही बोलायचे नाहीत. मागची रांग मिळाली की मधली आपोआप मिळते असं आबा म्हणत. मी हे पुढे वर्गात करून पाहिलं आणि ते तसंच निघालं.

म्हणजे नमन हा काही वेळकाढूपणा नव्हता. कानाला, गळ्याला, हाताला काम दिलं जायचं. शंभर माणसं शंभर घरांतून शंभर कटकटी डोक्यात घेऊन आलेली असायची. पाच मिनिटं एकाच लयीत टाळी वाजवल्यावर ती एका ठिकाणी यायची. आणि बुवांना तोवर समोरचं गाव वाचून व्हायचं. जुने कीर्तनकार दोन-तीन आख्यानं तयारीने आणत आणि आज बाया जास्त आहेत की तरणी पोरं, हे नमनात बघून त्यांतलं एक निवडत. नमनाला घडाभर तेल जाळू नये ही म्हण खरी आहे. पण जेवढं तेल लागतं तेवढं घालावंच लागतं.

मग मूळ पद. एक अभंग निवडायचा, तो पूर्ण म्हणायचा, आणि त्यातलं धृपद श्रोत्यांच्या तोंडी बसेपर्यंत घोळवायचं. पुढचा सारा पूर्वरंग या एका अभंगाला बांधलेला असतो. वाट कितीही वळली तरी बुवा परत धृपदावर येतात आणि लोकांना कळतं, आपण कुठे आहोत. निरूपण तापायला लागलं की शंका येते. ती बुवाच काढतात, श्रोत्यांच्या वतीने. ‘आता तुम्ही म्हणाल, बुवा, हे सांगायला ठीक आहे, पण घरी चार तोंडं खायला असताना...’ समोरचा माणूस चमकतो, कारण ते त्याच्या मनातलंच असतं. शास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. आधी विरुद्ध बाजू जोरकसपणे मांडायची, मगच आपली. पंडितांच्या वादाची ही रीत हरदासांनी, म्हणजे कीर्तनकारांनी, घाटावरच्या भाजीवालीपर्यंत आणली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. बारामतीच्या मोरोपंतांनी अठराव्या शतकात आर्यांचे ढीग रचले ते या मंडळींना गादीवर उभं राहून म्हणता यावेत असे. साकी, दिंडी, आर्या, कटाव, ओवी, हा सगळा साठा पाठ असल्याशिवाय बुवा उभे राहत नसत, कारण कुठल्या क्षणी मांडव हातचा निसटेल आणि कुठलं वृत्त त्याला परत आणेल हे आधी ठरवता येत नाही.

वारकरी कीर्तनाची सुरुवात वेगळी. तिथे बुवांच्या मागे टाळकऱ्यांच्या रांगा, बाजूला विणेकरी आणि पखवाज. आधी नामाची चाल, मग रूपाचा अभंग, आणि मग सेवेला घेतलेला अभंग. सांगणारा एकटा कधीच नसतो. त्याने चरण सोडला की मागच्या रांगा तो उचलून गातात आणि त्याला दम घ्यायला, विचार करायला जागा देतात. माझ्या मते शिकवण्याच्या दृष्टीने ही रीत नारदीयाहून पुढची आहे, पण ती मी साथीला बसून पाहिलेली नाही, म्हणून तिच्याविषयी जास्त लिहीत नाही.

कीर्तनाच्या या रीती चालत होत्या त्या काळातल्या शाळांची सुरुवात कशी होत असे? मद्रास इलाख्याचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२२ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यातून देशी शाळांची माहिती मागवली. बल्लारीचा कलेक्टर कॅम्बेल याने १८२३ मध्ये जो अहवाल पाठवला त्यात जिल्ह्यातल्या ५३३ शाळांची गणती आहे. तेलुगू आणि कानडी शाळा बहुसंख्य, पण मराठी शाळाही त्यात होत्या. सकाळी सहाला शाळा भरे. सगळ्यांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचं नाव लिहीत, हा मान. दुसऱ्याच्या तळहातावर शून्य काढत, म्हणजे ना स्तुती ना निंदा. तिसऱ्याला एक हलकी छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे येईल त्याला एकेक वाढत. मी हे वर्गात सांगायची तेव्हा मुलं आधी आपला नंबर मोजायची: आज मी कितवा आलो, मला किती बसल्या असत्या.

यात एक गोष्ट मला खटकते. घाटावरचं नमन उशिरा येणाऱ्याला सामावून घेई, त्याच्यासाठी वाट सोडून ठेवी. पंतोजीची सुरुवात उशिरा येणाऱ्याला मोजून काढी. एकाच समाजात, एकाच काळात, बहुधा एकाच देवळाच्या दोन ओवऱ्यांत या दोन रीती चालत होत्या. आधुनिक शिक्षण आलं तेव्हा त्याने या दोहोंतली एक उचलली.

ते कसं घडलं ते मुंबईत बघावं लागतं. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी शाखेचं, ज्ञानप्रसारक सभेचं, अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होतं. या सभेत ज्ञान द्यायची रीत होती निबंध वाचण्याची. गोविंद नारायण माडगावकरांसारखे लोक मेहनत करून निबंध लिहीत आणि सभेपुढे वाचून दाखवत, ते ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात छापूनही येत. मराठी गद्य या निबंधांनी घडवलं, त्यांचं ऋण मोठं आहे. पण वाचणाऱ्याची नजर कागदावर असते. मागच्या रांगेतून टाळी आली की नाही हे त्याला दिसत नाही, आणि दिसलं तरी तो दुसरा निबंध काढू शकत नाही. व्याख्यान म्हणजे लिहून आणलेलं वाचणं, ही कल्पना सुशिक्षितांच्या मनात तेव्हापासून बसली ती आजच्या चर्चासत्रांपर्यंत.

त्याच मुंबईत १८५७ साली, जानेवारीपासून मे अखेरपर्यंत, समुद्रकिनाऱ्यावर दुसरंच काही चाललं होतं. विष्णुबुवा ब्रह्मचारी, मूळचे विष्णु भिकाजी गोखले, कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीचे, जकात खात्यातली नोकरी सोडून निघालेले. ते आठवड्याच्या आठवड्याला वाळूवर सभा घेत आणि मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत. जॉर्ज बोएन या मिशनऱ्याने त्याची इंग्रजी हकिकत छापली, मराठीत तो ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ म्हणून ओळखला जातो. मतं बाजूला ठेवून नुसती रीत बघावी. भिंती नाहीत, बाकं नाहीत, कुणाला बसवून ठेवायची सोय नाही. कंटाळा आला की माणूस उठून भरती बघायला जाणार. तिथे आक्षेप आधी येत होते आणि उत्तरं त्यांच्या मागून. लोक थांबत होते ते पुढचा आक्षेप काय येतो यासाठी. पूर्वपक्ष इथे खऱ्या माणसाच्या तोंडून येत होता.

मे अखेर सभा थांबल्या. त्याच वर्षी १८ जुलैला मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. विद्यापीठ लंडनच्या धर्तीचं होतं: शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा विद्यापीठाने घ्यायच्या. परीक्षेला बसू द्यायचं तर मुलाने कॉलेजात टर्म भरली याचा दाखला हवा. दाखला हवा तर नोंद हवी, नोंद हवी तर रोज नावं पुकारायला हवीत. कुणी दुष्टपणाने ठरवलेलं नाही हे, कारकुनीच्या गरजेतून आलं. पण परिणाम असा झाला की ज्या क्षणी बुवा नामघोष टाकत, नेमक्या त्याच क्षणी प्राध्यापक आकडे पुकारू लागला. समोरचा प्रत्येक जण एकदाच, एकट्याने, ‘हजर’ म्हणतो आणि त्याचं त्या तासातलं बोलणं तिथेच संपतं.

विचार करायला लावणारी गोष्ट अशी की या विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांनीच जुनी रीत हातची जाऊ दिली नाही. १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला आणि पुढे या दोघांनी तिथे जी धर्मपर व्याख्यानं दिली, त्यांची सुरुवात पाहा. तुकोबांचा अभंग घ्यायचा, तो आधार धरून बोलायचं आणि शेवटी त्याच्याकडेच परतायचं. एक हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला, दुसरा जगभर मान्यता पावलेला संस्कृत पंडित, पण तोंड उघडताना दोघांनीही हरदासाचं मूळ पदच घेतलं. झांज, चिपळ्या, उपरणं गेलं, पूर्वरंग राहिला.

१८७५ मध्ये रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. वक्तृत्वोत्तेजक सभा ती आजही भरवते. उन्हाळ्यात, कोर्टांना आणि कॉलेजांना सुट्ट्या असताना, कुणालाही येऊन बसता येईल अशी ही शाळा. परीक्षा नाही म्हणून हजेरी नाही. त्याच १८७५ च्या पावसाळ्यात दयानंद सरस्वती पुण्याला आले आणि त्यांनी व्याख्यानं दिली, तीही रानडे-मंडळींच्या आमंत्रणावरून. पुढे गावोगाव व्याख्यानमाला निघाल्या. आमच्या वाईतही मे महिन्यात माला असते आणि मी तिथे फार चांगले वक्ते ऐकले. फलटणच्या मुधोजी कॉलेजचे प्राचार्य शिवाजीराव भोसले हातात कागद न घेता उभे राहत आणि इतक्या संथ सुरात सुरुवात करत की ऐकण्यासाठी सभागृहाला आपली कुजबूज थांबवावी लागे. पण व्याख्यानमालांच्या सुरुवातीला दुसरीच बांडगुळं वाढत गेली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, आणि शालीचा फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा शाल. वक्ता उभा राहतो तेव्हा पाऊण तास होऊन गेलेला असतो. हे तेल कुणासाठी जळलं? श्रोत्याला यातल्या कशातही काम नसतं. मला याचा मनापासून राग येतो, कारण माणसं ताजी असतानाचा पहिला पाऊण तास ही वक्त्याची आणि श्रोत्यांची ठेव आहे. ती तिसऱ्यानेच खर्चून टाकायची, हा अन्याय आहे.

आता गाडगेबाबांकडे येते. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणून खरं तर हा लेख लिहायला घेतला.

डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेणगाव. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचं खापर, हातात खराटा. आपण त्यांची स्वच्छता लक्षात ठेवली, शिक्षक म्हणून त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या शिकवण्याची सुरुवात कीर्तनाच्या कितीतरी आधी होई. बाबा गावात शिरत ते खराटा घेऊन. दिवसभर रस्ते, गटारं, देवळापुढची जागा झाडत. न बोलता. गावातली पोरं आधी बघत, मग मागे लागत, मग एखादा मोठा माणूस लाजेने खराटा हातात घेई. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. म्हणजे श्रोत्यांनी विषयाला सकाळीच हात लावलेला असे. शिकवण्याआधी विद्यार्थ्याला त्या गोष्टीचा अनुभव द्यावा, मग बोलावं, असं आज शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात आम्हाला शिकवतात. बाबांना अक्षरओळख जेमतेम होती.

आणि कीर्तन उभं राहिलं की गोपाळाच्या नावाचा गजर, आणि मग प्रश्न. निरूपण नाही, श्लोक नाही, थेट प्रश्न. देव कुठे राहतो? त्याला आंघोळ कोण घालतं? त्याच्या निवदावर कुत्रा आला तर त्याला कोण हाकलतं? लोक उत्तर देत. बाबा उत्तर तसंच्या तसं परत म्हणून दाखवत आणि त्यावर पुढचा प्रश्न ठेवत. चार-सहा पायऱ्या उतरल्यावर समोरचा माणूस आपल्याच तोंडून अशा जागी येऊन उभा राहायचा की तिथून मागे फिरणं अवघड. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, जनावर कापून नवस फेडू नका, शिवाशिव पाळू नका, हे सगळं ते सांगत, पण आधी गावाकडून वदवून घेत. बोली ठेठ वऱ्हाडी. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला त्यांचं जे कीर्तन झालं त्याचं ध्वनिमुद्रण आहे. पुढच्या महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. ते ध्वनिमुद्रण प्रत्येक शिक्षकाने ऐकावं. बाबांच्या आवाजापेक्षाही समोरच्या गर्दीचा आवाज ऐकावा. ती सतत बोलते आहे, होकार भरते आहे, हसते आहे, चूक उत्तर देते आहे. इतक्या मोठ्या गर्दीला एकाच वेळी बोलतं ठेवणारा आणि तरी धागा हातात ठेवणारा दुसरा शिक्षक महाराष्ट्राने पाहिला असेल असं मला वाटत नाही.

या सगळ्याचा माझ्या वर्गाशी काय संबंध? आमची तासिका ४८ मिनिटांची. पहिल्या वर्षाच्या वर्गात शंभर-सव्वाशे मुलं. नियमाप्रमाणे पंचाहत्तर टक्के हजेरी हवी, म्हणून नंबर पुकारायचे. नव्वदाव्या नंबरापर्यंत येता येता एक ते वीस नंबरांची मुलं वर्गात नसतातच, म्हणजे शरीराने असतात. शेवटचा नंबर झाला, हजेरीचा कॅटलॉग मिटला, आणि फळ्याकडे वळलं, की जाणवायचं: आता जे विझलंय ते पेटवायचं आहे.

मी हळूहळू हजेरी मागे ढकलली आणि पुढे मूळ पद ठेवायला लागले. माझ्या विषयात मूळ पद म्हणजे एखादं कागदपत्र, एखादी वस्तू, एखादी नोंद, मुलांच्या घरात सापडेल अशी. १८७५ चे दख्खनचे दंगे हा धडा घ्या. पुस्तकात तो अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून सुरू होतो. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेचा कापूस थांबला, इथल्या कापसाला भाव चढला, शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागलं, युद्ध संपल्यावर भाव कोसळला, सारावाढ मात्र होऊन बसली. सगळं बरोबर आहे, आणि दुसऱ्या मिनिटाला वर्ग खिडकीबाहेर जातो. म्हणून आदल्या दिवशी सांगायचं, घरचा सातबारा आणा. दुष्काळी भागातली मुलं, बहुतेकांच्या घरी दोन-चार एकर तरी असतंच. ज्यांच्या घरी जमीन नाही त्यांनी शेजाऱ्याच्या कागदात बघायचं. त्यांना आधी विचारायचं, म्हणजे ती कडेला पडत नाहीत.

तासाला पहिला प्रश्न: इतर अधिकाराच्या रकान्यात काय लिहिलंय, मोठ्याने वाचा. मग मागच्या रांगेतून सुरुवात. ‘विकास सोसायटीचा बोजा.’ ‘बँकेचा बोजा.’ ‘बोजा.’ ‘बोजा.’ पाच-सहा जणांनी वाचलं की वर्गाला लय कळते, आणि हसू येतं, आणि मग हसू थांबतं. दुसरा प्रश्न: हा बोजा कुठे आहे? जमिनीवर? नाही, कागदावर. मग कागद जाळला तर? इथे भांडण लागतं. तलाठ्याकडे प्रत असते, आता तर ऑनलाइन असतो, जाळून काय होणार, असं एक जण म्हणतो. पूर्वी एकच प्रत असायची, दुसरा म्हणतो. कुणाकडे असायची? सावकाराकडे.

मग १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. लोकांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर जाऊन खतं, रोखे, हुकूमनामे बाहेर काढले आणि जाळले. दंगे इतर गावांत पसरले. चौकशीला कमिशन बसलं, आणि त्याच्या अहवालात एक गोष्ट ठसठशीत आहे: जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे सहसा पुढे हात उगारला गेला नाही. लोकांना कागदच हवे होते. हे वाक्य मी कधी स्वतः सांगितलं नाही. वर्ग तिथपर्यंत स्वतः यायचा, कारण कागद कुठे आहे हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत ठरवलेलं असायचं. अमेरिकेचं युद्ध त्यानंतर यायचं, कुणीतरी विचारायचं म्हणून: पण मुळात एवढं कर्ज झालंच कसं?

कीर्तन शिकवणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. पुण्यात हरिकीर्तनोत्तेजक सभा आहे, दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्था आहे. तिथे नमन कसं करावं, मांडव कसा वाचावा, धृपदाला केव्हा परतावं हे बसवून घेतात. कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या तरुणाला मात्र यातलं काहीही कुणी सांगत नाही. त्याला नेट-सेट विचारतात, शोधनिबंध मोजतात, आणि पहिल्याच दिवशी सव्वाशे मुलांपुढे कॅटलॉग देऊन उभं करतात. अध्यापक-प्रशिक्षणात एक आठवडा एखाद्या जाणत्या कीर्तनकाराला बोलवावं आणि तरुण प्राध्यापकांना पेटीच्या बाजूला बसवावं, असं मी दोन-तीन ठिकाणी सुचवलं. अजून कुणी केलेलं नाही. मी सुचवत राहणार आहे.

हजेरी तर आता अधिकच पक्की झाली आहे, बोटाचा ठसा आला, मोबाइल आला. ती जाणार नाही हे धरून माझ्या जागी आलेल्या तरुण सहकारी बाईंनी एक उपाय काढला आहे. हजेरी शेवटी घ्यायची, आणि तीही अशी की प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला नंबर आणि आजच्या तासातला एक प्रश्न लिहून द्यायचा. कोरी चिठ्ठी गैरहजर धरायची. रात्री बसून बाई सगळ्या चिठ्ठ्या वाचतात आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्यांतल्याच एका प्रश्नाने उघडतात. मागे सुप्याच्या धड्यानंतर एका मुलीने लिहिलं होतं: १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूचा कायदा झाला, मग सावकारांनी पैसे देणं बंद केलं की दुसरी वाट काढली? बाईंनी मला फोन करून विचारलं, यावर काय वाचू. कायद्याने कोर्टाला कर्जाच्या हिशेबात मागे जाऊन बघायची मुभा दिली, तेव्हा अनेक सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घेऊ लागले, पैसे फेडलेस की जमीन परत, असं तोंडी सांगून. मी म्हटलं, धडा इथूनच काढा, आणि मुलांना विचारा, असं तोंडी बोलीचं खरेदीखत कुणाच्या घराण्यात झालंय का. दुसऱ्या दिवशी तीन मुलांनी हात वर केले, आणि त्यांतल्या एकाची आजी पुढच्या आठवड्यात कागद घेऊन स्वतः वर्गात आली.